सागापुढचं शून्य

माझ्या कपाटात एकाच कारखान्याची तीन ओळखपत्रं आहेत. तिन्हींवर फोटो एकच, पहिल्या दिवशी काढलेला, डोळे विस्फारलेला. पहिल्यावर निळी पट्टी, दुसऱ्यावर केशरी, तिसऱ्यावर नुसता राखाडी रंग आणि इंग्रजीत एक नाव, ज्याचा उच्चार आमच्या गेटवरचे दोन वॉचमन दोन तऱ्हांनी करतात. गेट तेच आहे. माझी खुर्चीही तीच, उजवा हात मोडलेली. कुणी विचारलं, की बाई, तुम्ही कुठं असता, तर मी बंदुकीच्या कारखान्यात एवढं सांगते. कोणाच्या, असा पुढचा प्रश्न आला की माझी पंचाईत होते. मला खरंच माहीत नसतं.

हा कारखाना चंद्रपूरहून पोंभुर्ण्याकडे येताना लागतो, दाट जंगल सुरू व्हायच्या जरा अलीकडे. परवान्यावर मिळणाऱ्या एकनळी आणि दुनळी बंदुका इथे बनतात. रानडुकरांपासून पीक राखणारे आणि बँकेच्या दारात उभे राहणारे, असं आमचं गिऱ्हाईक. मी ढिवराच्या घरची, बाप गावतलावात जाळं टाकायचा. पोरगी बंदुकीच्या कारखान्यात लागली म्हटल्यावर आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं, हिच्या हातात बंदूक देतील. माझ्या हातात हजेरीचं रजिस्टर दिलं आणि टाइम ऑफिसात बसवलं. इतक्या वर्षांत मी एकही गोळी झाडलेली नाही. जे काही केलं ते एका आकड्यानं केलं, आणि त्यानं एका माणसाचं भलं झालं की वाटोळं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बंदुकीचं लोखंड मशीनवर होतं. मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो, त्याला कुंदा म्हणतात. तो आमच्याकडे हातानं व्हायचा. कुंदाखान्यात अकरा माणसं होती आणि त्यांत सगळ्यात जुने एक भाऊ. गोंड, पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचे, पन्नाशी ओलांडलेले, सायकलनं यायचे. ते लोखंडाला दिव्याची काजळी फासायचे, लाकडात दाबायचे आणि उचलायचे. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड जास्त आहे, तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. असं दिवसभर. शेवटी लोखंड लाकडात असं बसायचं की मधून कागद सरकायचा नाही. मग जवसाचं तेल तळहातानं चोळत राहायचे. हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना त्यांच्या हाताचा तेलकट ठसा कागदावर राहायचा, आणि मी कुरकुरायचे.

कुंदाखान्याच्या भिंतीवर एक फळी होती. फळीवर खिळ्यांच्या तीन रांगा, अक्रोड, शिसव आणि साग. प्रत्येक माणसाचा एक पितळी बिल्ला. तिथले मुख्य म्हणजे मिस्त्री. ते सकाळी बिल्ले टांगायचे आणि ज्याचा बिल्ला ज्या लाकडाखाली, त्यानं त्या दिवशी ते लाकूड करायचं. मी नवीन असताना मिस्त्री एकदा रजेवर गेले. सागाकडे माणूस कमी होता, म्हणून मी शहाणपणानं भाऊंचा बिल्ला उचलून सागाखाली टांगला. भाऊ आले, फळीपुढे उभे राहिले, आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले. सुट्टी होईपर्यंत बसले. मला वाटलं, ह्यांनी एकट्यानंच संप केला की काय.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "साग त्यायच्या कुळाचं झाड हाये, बाई. ते त्याले हत्यार लावत नाई. मी त्यायले शिसव देतो, अक्रोड देतो. तुमी एवढं ध्यानात ठेवा."

"मग कुठंतरी लिहून ठेवा ना."

"लिवाचं काय हाये त्याच्यात?" मिस्त्री म्हणाले आणि तंबाखू मळत निघून गेले.

मी भाऊंची माफी मागायला गेले तर तेच हसले. "तुमाले कोन सांगन, बाई? आमच्या गावातबी आता सारे नाई पाळत. माह्या बापानं पाळलं, म्हनून मी पाळतो." त्यानंतर कितीतरी वर्षं भाऊंचा बिल्ला सागाखाली गेला नाही. कुणाला ते सांगावं लागलं नाही, कुणाला त्यात विशेष वाटलं नाही.

भाऊंची धाकटी पोरगी सिकलसेलची. त्या आजारानं तिच्या कमरेचे दोन्ही सांधे निकामी केले होते. विशीतली पोरगी काठी घेऊन चालायची. कारखान्यामुळे भाऊंकडे कामगार विम्याचं कार्ड होतं, आणि त्या कार्डावर नागपूरला तिचा एकेक सांधा बदलायचं ठरलं होतं. नंबर लावून ठेवला होता. गडचिरोलीला, चंद्रपूरला, नागपूरला, जिथे जातील तिथे भाऊ ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी रुमालात बांधून न्यायचे. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे ते कार्ड होतं.

मग शेठजी वारले आणि त्यांच्या मुलांनी कारखाना विकला. आम्हाला हे कळलं मिठाईच्या डब्यावरून. दिवाळी नव्हती, दसरा नव्हता, तरी डबे आले आणि डब्यांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव. पुण्याची कंपनी, गाड्यांचे सुटे भाग करणारी. त्यांना बंदुका कशाला हव्या होत्या, हे मी तिघाचौघांना विचारलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं आणि प्रत्येकाला खात्री होती. नवे साहेब आले. तरुण, बाह्या दुमडलेले, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं म्हणाले. शेठजीही नेमकं हेच म्हणायचे, फक्त ते बसून म्हणायचे आणि हे उभं राहून म्हणाले. महिन्याभरात मिस्त्रींना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. कुंदाखान्याची भिंत रंगवायची म्हणून फळी काढली. रंग वाळला, पण फळी काही परत लागली नाही.

एक दिवस साहेबांनी मला एक तक्ता दिला, संगणकावरचा. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत कामं. कोणाला कोणतं काम किती येतं, त्याला शून्य ते चार असे गुण द्यायचे. "मिस्त्री नाहीत, तेव्हा तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?" साहेब म्हणाले. मी फुगले. शाळेत मला कुणी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं, आणि इथे अकरा जणांचे गुण माझ्या हातात. भाऊंच्या ओळीत अक्रोडाला चार दिले, शिसवीला चार दिले. सागाशी येऊन थांबले. मला तो चौकोन रिकामा सोडायचा होता, फळीवर तो खिळा रिकामा असायचा तसा. पण रिकामा चौकोन संगणक घेईना. आकडा टाका, आकडा टाका, असं लाल अक्षरात म्हणत राहिला.

मी शून्य टाकलं. त्या क्षणी मला मी फार हुशार वाटले, हे कबूल करते. म्हटलं, शून्य असलं की कुणी त्यांना साग देणारच नाही. मिस्त्रींनी जे तोंडानं राखलं ते मी आकड्यानं राखलं. भाऊ हाकेच्या अंतरावर जवसाचं तेल चोळत होते. उठून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी नंतर स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता तो मलाच बोथट वाटतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्याहून हुकूम आला. अक्रोड दुरून येतो, महाग पडतो. शिसवीच्या कागदपत्रांची कटकट असते. साग आपल्या उशाशी आहे, वनखात्याच्या डेपोत लिलावात मिळतो. तेव्हा यापुढे सगळे कुंदे सागाचे. आणि सागाचंच काम करायचं तर अकरा माणसं कशाला, चार जण कमी करा. ती चार नावं तक्त्यानं काढली. भाऊंचं नाव पहिलं होतं.

मी साहेबांकडे धावले. सगळं सांगितलं, फळी, बिल्ला, कुळाचं झाड. साहेब वाईट माणूस नव्हते, हीच खरी अडचण. वाईट असते तर मला भांडता आलं असतं. ते मन लावून ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती.

"म्हणजे त्यांना येतं की येत नाही?"

"येतं, साहेब. तिथले निम्मे लोक त्यांनीच शिकवलेत."

"मग शून्य का दिलंत?"

"ते करत नाहीत म्हणून."

"येतं पण करत नाहीत, हे मी वर काय म्हणून कळवू?" ते खरोखर गोंधळले होते. मग त्यांना एक वाट सुचली. भाऊंना तीन दिवस सागावर प्रशिक्षण द्यायचं, शेवटी एक कुंदा करून घ्यायचा, तो बघून ते स्वतः गुण देतील, आणि भाऊंचं नाव यादीतून निघेल. ज्या माणसानं अर्धा कुंदाखाना घडवला त्याला प्रशिक्षण. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. पण त्यानं भाऊंचं विम्याचं कार्ड टिकत होतं.

रविवारी एसटीनं पोंभुर्ण्याला गेले आणि तिथून एका दूधवाल्याच्या गाडीवर भाऊंच्या गावाला. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. पोरगी खाटेवर बसून त्यातला काडीकचरा निवडत होती, काठी खाटेला टेकवलेली. भाऊ बांबूची कांबटं काढत होते. रस्ताभर दोन्ही बाजूंना सागच साग होता, आणि त्यातून जाताना मी मान खाली घातली होती, कुणी ओळखीचं भेटेल असं वाटून. भाऊंना मी सगळं सांगितलं, शून्य मीच टाकलं तेही. ते रागावतील म्हणून तयारी करून गेले होते. ते रागावले नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच कसंनुसं झालं.

"किती दिवस मनता?"

"तीन."

ते कांबट सोलत राहिले. मग म्हणाले, "डेपोतलं लाकूड त मेलेलं राह्यते ना, बाई? आपन नाई तोडलं ते."

ही पळवाट मला विचारत होते. मला, ढिवराच्या पोरीला, जिला त्यांच्या देवातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, "हो भाऊ, मेलेलंच असतं. आपण कुठं तोडलं?" त्यांनी खाटेकडे पाहिलं. पोरगी मोहफुलं निवडायची थांबली होती आणि आमच्याकडे बघत नव्हती.

"येतो मी," भाऊ म्हणाले.

सोमवारी ते आले आणि कुंदाखान्याच्या दारात चपला काढल्या. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. कुंद्याच्या मापाचा सागाचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खिशातून चिमूटभर तांदूळ काढून त्यावर ठेवले, गोंडीत काहीतरी पुटपुटले आणि मग करवत उचलली. शिकवणारा म्हणून ज्याला नेमलं होतं तो त्यांचाच चेला. तो तिन्ही दिवस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी कुंदा उलटापालटा करून पाहिला, लोखंड आणि लाकडामधे कागद घालून पाहिला. कागद गेला नाही. "चार," ते म्हणाले. मी खुर्चीवर बसले, शून्य पुसलं आणि चार टाकले. भाऊंनी हात धुतले. नळाखाली किती वेळ धूत होते, ते मी टाइम ऑफिसच्या खिडकीतून बघत होते.

पुढच्याच आठवड्यात साहेबांची केबिन रिकामी दिसली. मला वाटलं रजा. मग पुन्हा मिठाईचे डबे आले. पुण्याच्या कंपनीनं आम्हाला विकलं होतं, का गहाण टाकलं होतं, का अर्धं ठेवून अर्धं दिलं होतं, हे मला आजतागायत नीट समजलेलं नाही. नवे मालक दिल्लीकडचे म्हणतात, त्यांचेही मालक परदेशात म्हणतात. आमच्याशी पडद्यावरून एक मॅडम हिंदीत बोलल्या. आपण एक कुटुंब आहोत, म्हणाल्या, आणि मधेच आवाज गेला. मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज केला तर मंजुरी ज्यांच्या नावानं आली ते गृहस्थ त्याआधीच नोकरी सोडून गेले होते. रजा घ्यावी की नाही, ह्या विचारात रजेचे दोन्ही दिवस निघून गेले. आमच्या गावात तलावाचा ठेका एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे गेला तरी मासोळ्यांना पत्ता नसतो. आमचं तसं झालं असतं तर परवडलं असतं.

लाकूड बंद झालं. साग नाही, शिसव नाही, काहीच नाही. खोक्यांतून काळ्या प्लास्टिकचे तयार कुंदे येऊ लागले, ते फक्त स्क्रूनं बसवायचे. त्याला तीन माणसं पुरे. ती तीन कोणती, हे नव्या लोकांनी माणसं बघून ठरवलं नाही. ती माणसं त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांना जुन्यांकडून तक्ता मिळाला होता. साहेब गेले, पण तक्ता राहिला. त्यांनी गुणांची बेरीज केली. तिन्ही लाकडांत चार-चार असलेला माणूस एकच निघाला. लाकडाच्या गुणांवर भाऊंना प्लास्टिकचं काम मिळालं, आणि त्यांच्याकडून काजळी-पटाशी शिकून पुढे फक्त सागच केलेला तो चेला घरी गेला.

म्हणजे शून्य राहिलं असतं तर भाऊ गेले असते. माझ्या चारांनी त्यांना वाचवलं. पण शून्य मीच टाकलं नसतं तर सागाला हात लावायची वेळ आली असती का? तर मग चार आले असते का? मी हे कागदावर मांडून पाहिलं आहे, भाजी चिरताना मनात मांडलं आहे. दरवेळी निराळं उत्तर येतं.

पावसाळ्यानंतर त्या कार्डावर पोरीचा एक सांधा बदलला. ती काठी एकाच बाजूला घेऊन चालू लागली. पण त्याच वर्षी भाऊंच्या कुळाच्या पेनाची, म्हणजे त्यांच्या देवाची पूजा होती, आणि भाऊंनी आपण होऊन सगळ्यांपुढे सांगितलं, की मी सागाला करवत लावली. त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. हे मला त्यांच्या पोरीकडून समजलं. वर्षभर भाऊ पूजेच्या पंगतीत नव्हते, लांब झाडाखाली एकटे जेवले. कारखान्यात मात्र रोज वेळेवर यायचे आणि प्लास्टिकला स्क्रू मारायचे. हजेरीच्या यंत्रावर आता अंगठा लावतात. कागदावर तेलाचा ठसा नाही, आणि मला तो हवासा वाटतो, ह्याला काय म्हणावं.

ह्या महिन्यात पुन्हा अनोळखी माणसं येऊन गेली. शेडची मापं घेतली, फोटो काढले. मला निरोप आला, की चौथ्या ओळखपत्रासाठी नवा फोटो काढून ठेवा आणि माणसांचा तक्ता आहे तसा आजच पाठवा. त्याच दुपारी भाऊ टाइम ऑफिसात आले. ते सहसा आत येत नाहीत. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"कोंबडा देल्ला, बाई. पूजा झाली. आता पंगतीत घेतलं मले."

"बरं झालं, भाऊ. फार बरं झालं."

"हो जी. तुमच्या त्या कागदावर सागापुढी माह्यं काय लिवलं हाये आता?"

"चार."

"ते मिटवता येते का? पहिले होतं तसं करा. घरी समद्यायनं मिटवलं, त तिथीच काऊन राहू द्याचं?"

मी पडद्याकडे वळले. त्यांची ओळ समोर होती. शून्य टाकायला एक बटण पुरे होतं. पण नवे लोक येत होते, नवी बेरीज होणार होती, आणि पोरीचा दुसरा सांधा अजून बाकी होता. हे त्यांना सांगता आलं असतं. सगळं मांडून विचारता आलं असतं, की भाऊ, शून्य की कार्ड, तुम्हीच ठरवा. मला भीती वाटली की ते शून्य म्हणतील. मी दुसरीच दोन-तीन बटणं दाबली, त्यांची ओळ पडद्यावरून वर सरकली.

"मिटलं," मी म्हटलं.

भाऊंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पडद्याकडे वाकून पाहिलं आणि हात जोडले, मला की पडद्याला ते समजलं नाही. "आता मले बरं वाटते," म्हणाले. "घरी सांगतो." मग ते स्क्रू मारायला गेले.

पहिल्या वेळी मी त्यांना विचारलं नाही, कारण मला समजत नव्हतं. ह्या वेळी समजत होतं, तरी विचारलं नाही. सुट्टी व्हायच्या आधी मी तक्ता नव्या लोकांना पाठवून दिला. भाऊंच्या ओळीत सागाखाली चार आहेत.